कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू न होणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनालीजवळचा अटल बोगदा ऑक्टोबर 2020 मध्ये खुला झाला आणि भर हिवाळ्यात लाहौलमध्ये उतरणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले. सिमला, किन्नौर, ताबो या मार्गाने स्पितीतील काझापर्यंत जाणारा रस्ताही हिमवृष्टीचे दिवस वगळता थंडीत बहुधा चालू असतो. त्यामुळे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर येथून स्वतःची गाडी घेऊन जानेवारी-फेब्रुवारीत स्पितीला जाणारी कुटुंबे आता बरीच दिसतात. आपल्याकडे वर्षानुवर्षे एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी तिथे उणे 20 अंशांच्या पहाटे अडून बसते, आणि जवळचे गॅरेज कित्येक तासांच्या अंतरावर असते. अशा वेळी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत एखादी सूचना याहून वेगळी असेल, तर पुस्तिकेचेच ऐकावे.

सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर सर्वांत आधी काय करावे?

पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. एकदा चावी फिरवून आवाज लक्षपूर्वक ऐकावा, कारण दोष कुठे आहे याचा निम्मा उलगडा त्या आवाजातच होतो.

नुसताच टक-टक-टक असा जलद आवाज येत असेल आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल झाले आहे. एकच ठणठणीत ‘टक’ येऊन पुढे काहीच होत नसेल आणि दिवे प्रखर असतील, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या जोडणीवर घ्यावा. इंजिन फिरते, पण जड अंगाने, ओढल्यासारखे फिरते, याचा अर्थ बॅटरी अशक्त आहे किंवा ऑइल फार घट्ट झाले आहे, बहुधा दोन्ही. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरी निर्दोष आहे आणि अडचण इंधनाची किंवा हीटर प्लगची आहे. पाचवा प्रकार फसवा असतो : गाडी व्यवस्थित सुरू होते, पाच-दहा मिनिटे चालते आणि मग आचके देत बंद पडते. डिझेल गाडीत हे डिझेल गोठल्याचे अगदी ठळक लक्षण आहे.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक दाबून धरू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट थांबावे. या विश्रांतीत स्टार्टर निवतो आणि बॅटरीलाही थोडा दम मिळतो. घाईघाईत मारलेल्या सेल्फमुळे बॅटरीत उरलेली थोडीथोडकी ताकदही संपते, आणि मग मूळ दोष सापडला तरी गाडी सुरू करता येत नाही.

थंडीत बॅटरी एवढी कमजोर का होते?

शिसे-आम्लाच्या बॅटरीत वीज रासायनिक क्रियेतून निर्माण होते आणि तापमान उतरले की ती क्रिया मंदावते. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची क्षमता बरीच घटलेली असते आणि उणे 18 अंशांना ती जवळजवळ निम्म्यावर येते. नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक जोर लागतो. देणारा दुबळा आणि मागणारा जड, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

यात आपल्याकडच्या लोकांच्या सहसा ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. बॅटरीचे आयुष्य खरे खाल्ले जाते ते उष्णतेत. नागपूर, जळगाव, अकोल्याचे तीन-चार उन्हाळे काढलेली बॅटरी आतून झिजलेली असते. परंतु उबदार हवेत इंजिन हलके फिरत असल्यामुळे ती झीज जाणवत नाही. थंडी फक्त तिचे पितळ उघडे पाडते. म्हणूनच तीन वर्षांहून जुनी बॅटरी घेऊन हिवाळ्यात हिमालयात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी बॅटरी घेताना तिच्यावर छापलेला ‘सीसीए’चा आकडा पाहावा. उणे 18 अंशांत बॅटरी 30 सेकंद किती अँपिअर प्रवाह देऊ शकते, ते हा आकडा सांगतो. आपल्या गाडीच्या ट्रेमध्ये बसणाऱ्या बॅटऱ्यांपैकी ज्या बॅटरीचा हा आकडा मोठा असेल, ती घ्यावी.

निघण्यापूर्वी बॅटरी घरी तपासता येते का?

येते. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी दोन्ही टर्मिनलांवर व्होल्टेज मोजावे. 12.6 किंवा त्याहून अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहावा. घरच्या उबदार हवेतही तो 9.6 च्या खाली उतरत असेल, तर थंडीत त्या बॅटरीवर विसंबणे धोक्याचे आहे. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसले, तर अल्टरनेटर बॅटरी नीट भरत आहे असे समजावे. काही नव्या गाड्यांत चार्जिंगवर संगणकाचे नियंत्रण असल्यामुळे हा आकडा मध्येच थोडा खाली-वर होतो, त्याने घाबरून जाऊ नये.

टर्मिनलांवर साचलेली पांढरट-हिरवट भुकटी अवश्य काढावी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या टूथब्रशने घासले की ती फसफसून निघते. नंतर कोरडे पुसून, दहा नंबरच्या पान्याने नट घट्ट आवळून, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. ‘बॅटरी गेली’ असे समजून टोचन लावून नेलेल्या गाड्यांपैकी काहींचा दोष एवढ्या कामात निघून जातो.

बॅटरी उतरली आहे. दुसऱ्या गाडीवरून जम्प कशी द्यावी?

प्रथम बॅटरी नीट निरखावी. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे 50 अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही; पण रिकाम्या बॅटरीत ते पाण्यासारखे पातळ झालेले असते आणि उणे 7-8 अंशांतच त्याचा बर्फ होतो. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या किंवा कवचाला तडा गेलेला दिसला, तर तिला जम्प देऊ नये आणि चार्जरही लावू नये. ती फुटून अंगावर आम्ल उडू शकते. अशी बॅटरी बदलणे हाच उपाय आहे.

बॅटरी ठीक दिसत असेल, तर दोन्ही गाड्या बंद करून लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावे. काळी केबल आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावावी आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या रंग नसलेल्या, उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणून ही काळजी. मग चांगली गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे चालू ठेवावी आणि त्यानंतरच आपला सेल्फ मारावा. काढताना केबली उलट क्रमाने काढाव्यात.

डोंगरी रस्त्यावर मदतीला थांबणारे वाहन पुष्कळदा ट्रक किंवा लष्करी वाहन असते. त्यांपैकी अनेकांची वीजयंत्रणा 24 व्होल्टची असते आणि आपल्या गाडीची 12 व्होल्टची. ती जोडल्यास गाडीतला संगणक जळू शकतो. मदत करणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते, पण विचारल्याशिवाय केबल लावू देऊ नये. याच कारणासाठी स्वतःचा लहान जम्प स्टार्टर सोबत नेणे शहाणपणाचे आहे. मात्र तो रात्री गाडीत न ठेवता खोलीत घेऊन यावा, कारण त्याच्या आतली लिथियम बॅटरीही थंडीने मलूल होते.

धक्का स्टार्ट चालेल का?

ऑटोमॅटिक गाडीत नाही. मॅन्युअल गाडीत, बॅटरी थोडी उतरलेली असेल आणि रस्ता कोरडा असेल तर चालेल. बॅटरी पूर्ण मेली असेल तर आजच्या गाडीचा संगणक आणि इंधनपंपच जागे होत नाहीत, मग कितीही ढकलले तरी उपयोग नाही. बर्फाळ उतारावर हा प्रयोग करूच नये. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

डिझेल गोठते म्हणजे नेमके काय होते?

डिझेलमध्ये मुळातच मेणासारखे घटक असतात. तापमान उतरू लागले की ते बारीक स्फटिकांच्या रूपाने वेगळे होतात, डिझेल गढूळ दिसू लागते आणि ते स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचून वाट अडवतात. टाकीतले डिझेल दगडासारखे घट्ट व्हावेच लागत नाही. फिल्टर तुंबला की इंजिन उपाशी राहते. अशा वेळी फिल्टर काढून पाहिला तर कागदाच्या घड्यांमध्ये पिवळसर, तुपासारखा थर बसलेला दिसतो. पाइपमध्ये आणि फिल्टरच्या पुढच्या भागात उरलेल्या डिझेलवर गाडी सुरू होते आणि ते संपले की बंद पडते, म्हणूनच वर सांगितलेला तो फसवा प्रकार घडतो.

यामागे एक साधा आकडा आहे. डिझेलच्या भारतीय मानकानुसार, थंडीत फिल्टर तुंबण्याचे तापमान हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त 6 अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त 18 अंश असावे लागते. प्रत्यक्षात मिळणारे डिझेल याहून सरस असू शकते, परंतु मैदानी प्रदेशात भरलेल्या डिझेलने उणे 20 अंश सोसावेत अशी अपेक्षा कुणीच ठेवलेली नाही. ही उणीव ओळखून इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होणारे हे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहते. असे डिझेल मिळणाऱ्या भागात पोहोचेपर्यंत टाकी जमेल तेवढी रिकामी करत आणावी आणि तिथे पोहोचल्यावर ती काठोकाठ भरावी. भरल्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवणे फार महत्त्वाचे आहे, कारण तोवर पाइपमध्ये आणि फिल्टरमध्ये जुनेच डिझेल असते. पंपावर हिवाळी डिझेल आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. सगळीकडे ते असतेच असे नाही.

असे डिझेल मिळणार नसेल, तर गोठणरोधक मिश्रण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालावे. ते थंडी पडण्यापूर्वी, डिझेल पातळ असतानाच घालायचे असते. एकदा तयार झालेले स्फटिक बहुतेक मिश्रणांनी विरघळत नाहीत.

डिझेल गोठलेच, तर काय करावे? टाकीखाली शेकोटी पेटवतात, ते योग्य आहे का?

जुने ट्रकचालक तसे करत आले आहेत, पण आजच्या गाडीखाली हे मुळीच करू नये. आजची टाकी बहुधा प्लॅस्टिकची असते, शेजारून वायरी आणि ब्रेकच्या नळ्या गेलेल्या असतात. एका चुकीत गाडी तर जातेच, माणूसही जातो.

गोठते तो फिल्टर, म्हणून ऊबही तिथेच द्यावी. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके फिल्टरच्या डब्याभोवती गुंडाळावे आणि निवले की बदलावे. असे पाच-सहा वेळा केले की थर सुटू लागतो. वायरींच्या जोडण्यांवर पाणी सांडू देऊ नये. ते तिथेच गोठेल. ऊन फिल्टरपर्यंत येईल अशा बेताने गाडी वळवून दहा-अकरा वाजेपर्यंत वाट पाहणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे आणि स्पितीतले स्थानिक चालक बहुधा तेच करतात. एक नवा डिझेल फिल्टर जवळ बाळगावा. जुन्यात पाणी साचलेले असेल तर निघण्यापूर्वी तो बदलूनच जावे, कारण त्या पाण्याचा बर्फ होऊनही फिल्टर अडतो.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळावे का?

पूर्वीच्या साध्या इंजिनांत डोंगरी भागात ते सर्रास मिसळत. आजच्या कॉमन रेल इंजिनात ते करू नये. अतिउच्च दाबाने काम करणाऱ्या त्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलकडूनच, आणि रॉकेलमध्ये तो गुण कमी असतो. पंप आणि इंजेक्टर यांचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच.

हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे म्हणतात. तो कशासाठी?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्याने तापलेल्या हवेवर इंधन पेटते. इंजिनाचे धूड थंडगार असेल तर ती हवा पुरेशी तापत नाही, म्हणून हीटर प्लग आतली जागा आधी गरम करतात. वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा विझला की सेल्फ मारावा. कडाक्याच्या थंडीत चावी बंद करून हे दोन-तीनदा केल्यास लाभ होतो. एवढे करूनही पांढरा धूर येत इंजिन अडखळत असेल, तर एखादा प्लग जळालेला असण्याची शक्यता आहे. आपल्याकडच्या हवेत एखादा प्लग बंद पडला तरी गाडी निमूट सुरू होते, त्यामुळे ही तपासणी निघण्यापूर्वीच मेकॅनिककडून मुद्दाम करून घ्यावी.

पेट्रोल गाडीला हा त्रास नसतो का?

पेट्रोल गोठत नाही, त्यामुळे अडचण बरीच कमी असते. हिवाळी प्रवासासाठी निवड करायची असेल तर मी पेट्रोल गाडीच निवडेन. परंतु थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, आणि अपयशी सेल्फ मारत राहिल्यास प्लग ओले होतात. पेट्रोलचा उग्र वास आला तर पाच-दहा मिनिटे थांबावे. मग बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की संगणक इंधन तोडतो आणि आतले ओले मिश्रण बाहेर पडते. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत टाकीत चांगले ताजे पेट्रोल ठेवावे आणि थंड इंजिन पेट्रोलवरच सुरू करावे.

ऑइल बदलून जावे का?

डब्यावरील ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतली प्रवाहिता दाखवतो. इंजिन फिरवण्याची चाचणी 15डब्ल्यू ऑइलसाठी उणे 20 अंशांना, 10डब्ल्यूसाठी उणे 25 ला, 5डब्ल्यूसाठी उणे 30 ला आणि 0डब्ल्यूसाठी उणे 35 ला होते. गाडीत 15डब्ल्यू-40 असेल आणि पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 किंवा 5डब्ल्यू-40 ला परवानगी असेल, तर निघण्यापूर्वी ते घालावे. पुस्तिकेत नसलेले ऑइल केवळ थंडीच्या भीतीने घालू नये.

रेडिएटरमध्ये साधे पाणी आहे. चालेल ना?

नाही. या संपूर्ण पानावरची ही सर्वांत महाग चूक आहे. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याने रेडिएटर फाटतो, कधी इंजिनच्या ब्लॉकलाच तडा जातो. आपल्याकडे कूलंट कमी झाले की नळाचे पाणी ओतण्याची सवय आहे, त्यामुळे कागदोपत्री कूलंट असलेल्या गाडीतही प्रत्यक्षात बरेचसे पाणीच असते. एथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत टिकते. गॅरेजमध्ये घनतामापकाने ते तपासून घ्यावे, शंका असल्यास पूर्ण काढून नवे भरावे. काच धुण्याच्या टाकीतले पाणीही काढून टाकावे.

उंचीचा काही संबंध आहे का?

आहे. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि काझा त्याहून थोडे उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. हवा विरळ असल्यामुळे दाबल्यावर तापतेही कमी, आणि थंड डिझेल इंजिनाला पेट घ्यायला त्यामुळे आणखी वेळ लागतो. मैदानी प्रदेशातली उणे 10 आणि काझातली उणे 10 गाडीच्या दृष्टीने सारखी नसते.

बीएस-6 डिझेल गाडीत धूर स्वच्छ करण्यासाठी भरतात ते युरियाचे द्रावण गोठले तर?

ते उणे 11 अंशांना गोठते, आणि हे गृहीत धरूनच टाकीला हीटर दिलेला असतो. त्यामुळे गाडी सुरू होणे अडत नाही. वरकड बाटली मात्र डिकीत न ठेवता खोलीत ठेवावी.

रात्री गाडी लावताना कोणती काळजी घ्यावी?

सकाळचा त्रास टळतो तो याच अर्ध्या तासात. गाडी भिंतीच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून आणि शक्यतो सकाळचे पहिले ऊन बॉनेटवर पडेल अशी लावावी. टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दव साचत नाही. हँडब्रेक ओढू नये. ओली केबल आणि लायनर रात्रीतून चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. इंजिन गरम असतानाच बॉनेटवर जाड घोंगडी टाकून ती बांधावी आणि सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी आठवणीने काढावी.

थंडी उणे 20 च्या खाली जाणार असेल तर पुष्कळ स्थानिक चालक बॅटरी काढून खोलीत घेऊन जातात. उपाय खात्रीचा आहे. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे, काढताना ऋण टर्मिनल आधी आणि लावताना ते शेवटी, एवढा क्रम पाळावा. नव्या गाड्यांत घड्याळ, काचा आणि रेडिओ पुन्हा जुळवावे लागतात, म्हणून हा प्रयोग एकदा घरी करून पाहावा.

मध्यरात्री उठून गाडी चालू करून ठेवावी का? गाडीतच झोपलो तर?

अर्धा तास इंजिन चालवल्याने ऑइल आणि डिझेल काही तास उबदार राहते हे खरे. पाच मिनिटांच्या घरघरीने मात्र सेल्फमध्ये गेलेली वीजही धड भरून निघत नाही. चालवायची असेल तर उघड्यावरच चालवावी.

गाडी चालू ठेवून आत झोपू नये, हे मी अत्यंत कळकळीने सांगतो. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात गाड्यांमध्ये अडकलेल्या वीसहून अधिक पर्यटकांचा मृत्यू झाला, त्यात मुलेही होती. थंडीबरोबर हा वायूही त्या मृत्यूंना कारणीभूत ठरल्याचे तेव्हा सांगण्यात आले. अडकून पडलात तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ खणून काढावा, काच बोटभर उघडी ठेवावी, तासाला दहाच मिनिटे इंजिन चालवावे आणि एकाने जागे राहावे.

बटण दाबले तरी गाडी चावी ओळखत नाही. बॅटरी गेली का?

बहुधा चावीतली नाण्याएवढी बॅटरी गारठलेली असते. चावी काही मिनिटे मुठीत धरावी आणि मग थेट बटणाला टेकवून पाहावे. अनेक गाड्यांत अशी सोय असते. रात्री चावी अंगातल्या खिशात ठेवावी.

आम्ही कॅनडात राहतो. तिथे वेगळे काय?

विनिपेग, एडमंटन, कॅल्गरी या शहरांत इंजिनला विजेवरचा ब्लॉक हीटर बसवलेला असतो आणि बॉनेटखालून त्याचा प्लग बाहेर लोंबत असतो. तो निघण्याआधी तीन-चार तास लावला की पुरे. टायमर लावल्यास वीज वाचते. भारतातून नव्याने गेलेल्यांना त्या प्लगचा उपयोग ठाऊक नसतो, म्हणून जुनी गाडी विकत घेताना हीटर चालू आहे का हे आवर्जून तपासावे.

गाडी सुरू झाली. लगेच निघावे का?

एक-दोन मिनिटे थांबावे, म्हणजे ऑइल टर्बोपर्यंत पोहोचते. रेस करू नये. मग पहिले चार-पाच किलोमीटर कमी वेगाने चालवावे. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर तापते, आणि गिअर व चाकांच्या बेअरिंगमधले घट्ट वंगणही त्याच वेळी मोकळे होते. डिझेल गोठण्याची शंका असेल, तर या टप्प्यात वस्तीपासून फार दूर जाऊ नये, आणि थांबायचे झाले तरी पहिला तासभर इंजिन बंद करू नये.